पार्श्वभूमी : ‘ड्रॅगन’चे अडीचशे अंक आणि पहिला हक्क

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या कल्पनारम्य खेळाची पहिली पेटी जानेवारी १९७४ मध्ये आली तेव्हा तिच्या हजारच प्रती छापल्या होत्या. आतल्या तीन पुस्तिका इतक्या त्रोटक होत्या की, खेळायला बसलेल्यांना पानोपानी अडायला होई. ही अडचण मासिकांनी सोडवली. पुढे त्यांतल्या ‘ड्रॅगन’ या मासिकातल्या मजकुराच्या मालकीवरून वाद पेटला. आज जुने अंक वाचायला मिळणे इतके अवघड का, हे त्या वादाशिवाय कळत नाही.

सुरुवात अगदी लहान होती. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून हा खेळ काढणाऱ्या मूळ कंपनीने १९७५ च्या वसंतात ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचे सहा पानी पत्रक काढले. पहिल्याच अंकात ‘माइंड फ्लेअर’ हा मेंदू खाणारा, तोंडाला सोंडा असलेला राक्षस आला आणि आजही तो खेळात आहे. दुसऱ्या अंकात खेळाडूने घ्यायच्या पात्राचा ‘रेंजर’ हा नवा प्रकार आला, चौथ्यात ‘इल्यूजनिस्ट’, फेब्रुवारी १९७६ च्या अंकात ‘बार्ड’. या तिन्ही पात्रप्रकारांचे लेखक कंपनीच्या बाहेरचे होते. १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात तिन्ही प्रकार घेतले गेले. वाचकाने पाठवलेले टिपण तीन वर्षांत नियम होऊन बसले! सात अंकांनंतर ते पत्रक थांबले आणि जून १९७६ मध्ये ‘ड्रॅगन’चा पहिला अंक निघाला. तेव्हा त्याचे नाव ‘द ड्रॅगन’ होते.

कंपनीच्या छत्राबाहेर जे चालले होते, ते मला जास्त मोलाचे वाटते. लॉस एंजेलिसमध्ये विज्ञानकथाप्रेमींचे एक सामूहिक पत्र निघत असे. त्यात या खेळाची चर्चा इतकी वाढली की बाकीचे विषय झाकले जाऊ लागले, म्हणून जून १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे वेगळे पत्र सुरू झाले. प्रत्येकाने आपापली पाने टंकलिखित करून पाठवायची, संपादिकेने ती एकत्र लावून, टाचून सगळ्यांना टपालाने धाडायची. कुठे स्टेन्सिलवर उमटलेली फिकट अक्षरे, कुठे समासात हाताने काढलेला नकाशा, आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या कुणी मांडलेल्या मुद्द्याला या महिन्यात ओळीने दिलेले उत्तर. खेळ कसा खेळावा, यावर इतकी मोकळी भांडणे दुसरीकडे कुठे झाली नाहीत. खेळाच्या मुख्य कर्त्याने सुरुवातीला या पत्राला स्वतः पत्र लिहिले होते. १९७८ मध्ये मात्र ‘ड्रॅगन’मधून त्यानेच अशा पत्रांवर जहरी टीका केली. घरचे मासिक आणि बाहेरची मासिके यांच्यातली दरी तेव्हापासूनची आहे.

लंडनमध्ये ‘आउल अँड वीझल’ या छोट्या पत्रिकेची जागा १९७७ च्या जून-जुलैमध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाने घेतली. त्यातल्या ‘फीन्ड फॅक्टरी’ सदरात वाचक आपापले राक्षस पाठवत. १९७९ मध्ये एका किशोरवयीन मुलाने पाठवलेले ‘गिथयांकी’ १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’ या खेळाच्या राक्षस-पुस्तकाच्या थेट मुखपृष्ठावर जाऊन बसले. ऐंशीचे दशक सरता सरता हे मासिक स्वतःच्या कंपनीच्या लघुमूर्तींच्या खेळापुरते उरले. इतर खेळांचे एक चांगले घर तिथे बंद झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९९७ मध्ये मूळ कंपनी सिएटलजवळच्या एका पत्त्यांच्या खेळांच्या कंपनीने विकत घेतली. १९९९ मध्ये नव्या मालकांनी ‘ड्रॅगन मॅगझिन आर्काइव्ह’ हा सीडी-संच आणला. ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’चे सातही अंक आणि ‘ड्रॅगन’चे पहिले अडीचशे अंक त्यात पानन्‌पान होते. जाहिराती होत्या, वाचकांची पत्रे होती, चित्रपट्ट्या (कॉमिक स्ट्रिप) होत्या, शिवाय शब्द टाकून शोधायची सोय. वाचकांना खजिनाच सापडला. कथाकारांना आणि चित्रपट्टीकारांना मात्र यात आपली फसवणूक दिसली, कारण त्यांनी मासिकाला दिला होता तो ‘पहिला हक्क’.

या दोन शब्दांत सगळी गुंतागुंत आहे. पहिला हक्क म्हणजे मजकूर पहिल्यांदा छापण्याची परवानगी, मालकी लेखकाचीच. मग तोच अंक पुन्हा काढायचा झाला तर? १९७८ पासून लागू झालेला अमेरिकी कायदा सांगतो की, प्रकाशकाला तो मजकूर त्याच अंकात, त्या अंकाच्या सुधारित आवृत्तीत किंवा त्याच मालिकेच्या पुढच्या अंकात छापता येतो. सीडी यातले नेमके काय? प्रकाशकांच्या बाजूने म्हणायचे तर पान जसेच्या तसे आहे, म्हणजे जुन्याच अंकाचे हे नवे रूप. लेखकांच्या बाजूने म्हणायचे तर अडीचशे अंक एकत्र बांधून, वर शोधयंत्र बसवून विकलेली वस्तू नवी असते आणि तिचे पैसे नव्याने द्यावे लागतात.

न्यायालयांचाही गोंधळ उडाला. जून २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की वृत्तपत्रातला मुक्त लेखकाचा लेख त्याच्या परवानगीशिवाय सुटा काढून संगणकीय संग्रहात घालता येणार नाही. मायक्रोफिल्मवर मात्र अख्खे पान जसेच्या तसे राहते, म्हणून ती वेगळी, असा फरक त्याच निकालात आहे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नेही आपल्या जुन्या अंकांच्या सीडी काढल्या होत्या. २००१ मध्ये एका अपील न्यायालयात ते हरले, २००५ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयात जिंकले, आणि २००८ मध्ये पहिल्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सात विरुद्ध पाच मतांनी आपला जुना निकाल फिरवला. तोवर ‘ड्रॅगन’चा संच बाजारातून कधीच नाहीसा झाला होता.

खेळाडूंच्या टेबलावरच्या गमतीजमतींची एक लोकप्रिय चित्रपट्टी परवानगीशिवाय त्या संचात गेली होती. तिच्या प्रकाशकांशी झालेल्या तडजोडीत त्यांना जुन्या नियमांवर बेतलेला स्वतःचा खेळ काढायचा परवाना मिळाला. २००१ चा ‘हॅकमास्टर’ तो हाच. चित्रपट्टीतली पात्रे ज्या काल्पनिक खेळावर भांडत, तो एका हक्काच्या भांडणातून खरा झाला.

माझ्या मते लेखकांची मागणी रास्त होती. तुटपुंज्या मोबदल्यावर लिहिणाऱ्यांना साधे विचारण्याची तसदीही कुणी घेऊ नये, हे वाईट झाले. पण नुकसान सोसले ते वाचकाने. हा संच पुन्हा निघाला नाही, आणि २५१ पासूनच्या अंकांचा तसा संच कधी आलाच नाही. २००२ पासून ‘ड्रॅगन’ आणि खेळण्यासाठी तयार साहसे छापणारे त्याचे जोड-मासिक ‘डंजन’ परवान्यावर एक दुसरी कंपनी चालवत होती. सप्टेंबर २००७ मध्ये अनुक्रमे ३५९ आणि १५० या अंकांवर छापील रूप बंद झाले, संगणकावरची आवृत्तीही २०१३ मध्ये थांबली. परवाना गेलेल्या कंपनीने लगेच ‘पाथफाइंडर’ ही स्वतःची साहसमालिका सुरू केली आणि मासिकाचे बरेच वाचक तिकडे गेले.

आज एखाद्याला ‘रेंजर’चा मूळ मजकूर पाहायचा असेल तर बहुधा १९७५ चे ते पत्रक शोधावे लागते, नाही तर १९९९ च्या सीडी. आणि २००० साली छापलेला एखादा लेख हवा असेल तर कागदी अंकच गाठावा लागतो.