परजीवी वाहणाऱ्या गोगलगायींची जनुकीय विविधता

गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायींच्या अंगात चपट्या कृमींची पिल्लं वाढतात, आणि अशा गोगलगायींच्या एकाच जातीत, कधी एकाच तळ्यात तर कधी दोन वेगळ्या नद्यांत, डीएनएचा जो फरक सापडतो त्याला त्यांची जनुकीय विविधता म्हणतात. ऐकायला लॅबमधला विषय वाटतो, पण ज्याच्या दावणीला गाय-म्हैस आहे किंवा जो भातखाचरात उतरतो त्याचा याच्याशी थेट संबंध येतो, कारण हा कृमी कुठल्याही गोगलगायीत वाढत नाही, त्याला ठराविक जात लागते आणि त्या जातीतही काही वाण त्याला मानवतात, काही अजिबात मानवत नाहीत.

आपल्याकडची मुख्य गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस. नाव मोठं पण ओळखायला सोपी, शंख टोकदार नसतो तर चकलीसारखा सपाट गुंडाळलेला, रंग तपकिरी, मोठी झाली की रुपयाच्या नाण्याएवढी, आणि तोंडाला झाकण नाही. जोरात दाबली की लालसर पाणी येतं, कारण तिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. पाटाच्या चारीत, गावतळ्यात, भाताच्या खाचरात, पानवेलींच्या खाली कुठेही ती मिळेल. पानवेलीचं एखादं पान उलटं करून बघा, मागच्या बाजूला जेलीचा पारदर्शक ठिपका चिकटलेला दिसतो आणि आत बारीक बारीक दाणे, तो अंड्यांचा पुंजका. दुसरी म्हणजे लिम्निया, हिचा शंख टोकदार आणि कागदासारखा पातळ, हिच्यातून फॅसिओला जायगँटिका म्हणजे जनावरांच्या लिव्हरमध्ये राहणारा पानासारखा कृमी पसरतो.

सायकल अशी चालते. जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यातून केसाळ बारीक पिल्लू निघतं, ते गोगलगाय शोधून तिच्या अंगात घुसतं आणि तिथे स्वतःच्या प्रती काढत बसतं. एका पिल्लापासून हजारो तयार होतात आणि ती सगळी जनुकांनी एकसारखी असतात. बहुतेक वेळा गोगलगायीची अंडी घालायची ताकद यात संपते, ती जिवंत राहते पण कृमीसाठी. मग शेपटीवाली पिल्लं पाण्यात बाहेर पडतात. फॅसिओलाची पिल्लं गवतावर, भाताच्या खोडावर चिकटून कवच धरतात आणि चाऱ्यातून पोटात जातात, तर शिस्टोसोमा म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीची पिल्लं, ज्यांची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, ती सरळ कातडीतून आत शिरतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. चारीतून आठ-दहा गोगलगायी आणायच्या, प्रत्येकीला वेगळ्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात (क्लोरीन नसलेल्या) ठेवायचं आणि सकाळचं ऊन द्यायचं. एखादीच्या ग्लासात काही वेळाने पाणी किंचित धुरकट वाटतं, मागे काळा कागद धरला की पांढरे ठिपके वरखाली नाचताना दिसतात, भिंगाखाली शेपटीची कात्री सुद्धा कळते. त्या पाण्यात बोट मात्र घालायचं नाही.

इंडोप्लॅनॉर्बिसमधून जनावरांचे तीन शिस्टोसोमा पसरतात, स्पिंडेल, इंडिकम आणि नेझेल. पहिले दोन मॉन्टगोमेरी यांनी १९०६ साली नोंदवले, नेझेल १९३३ साली राव यांनी मद्रासकडून. नेझेल गायीच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहतो, नाकात कोबीच्या फुलासारख्या गाठी येतात आणि जनावर उभ्या उभ्या घोरायला लागतं, म्हणून इंग्रजीतही त्याला घोरण्याचाच आजार म्हणतात. माणसाच्या अंगात हे जनावरांचे शिस्टोसोमा वाढत नाहीत, कातडीतच मरतात, पण मरताना खाज सोडून जातात. आवणीच्या दिवसात पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या वेगळ्या आणि पोटऱ्यांवर जिथपर्यंत पाणी लागतं तिथपर्यंत लाल पुरळ उठून रात्रभर खाज सुटते ती वेगळी, दोन्हीला एकच मलम लावलं जातं हे मला फार खटकतं. माणसाचा खरा शिस्टोसोमायसिस (शिस्टोसोमाचा आजार) भारतात फारच दुर्मिळ, त्याची नाव घेण्यासारखी जागा आपल्याच राज्यात आहे, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी तिथली नोंद केली. तिथे इंडोप्लॅनॉर्बिस नाही तर फेरिसिया टेनुइस नावाच्या नखाच्या तुकड्याएवढ्या गोगलगायीचं नाव पुढे आलं. म्हणजे एक जात बदलली की आजाराचा नकाशा बदलतो.

आता मूळ मुद्दा. बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस ही इराणपासून इंडोनेशियापर्यंत एकच जात, शंख तर सगळीकडे सारखाच दिसतो. मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाची) जनुकं वाचली गेली, मुख्यतः कॉक्स-१ नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा आणि १६एस नावाचं दुसरं जनुक, तेव्हा कळलं की या एका नावाखाली एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या अनेक वंशरेषा लपल्यात, नेपाळ आणि भारताच्या पट्ट्यात तर जास्तच, त्यामुळे आता तिला एक जात न म्हणता जातींचा गट म्हणतात. सगळ्यात जवळची नातलग आफ्रिकेतली बुलिनस, जी तिकडे माणसांचा शिस्टोसोमा वाहते. लिम्नियाचं उलट, तिचा शंख पाण्याच्या वेगाप्रमाणे आणि पाण्यातल्या चुन्याप्रमाणे आकार बदलतो, त्यामुळे एकाच जातीला चार नावं पडली आणि डीएनएने ती निस्तरावी लागताहेत.

विविधता कमी-जास्त का होते हे बघायला नाशिक जिल्हा मला फार बोलका वाटतो. एकाच जिल्ह्यातलं पाणी तीन दिशांना जातं. ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला निघते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे, पेठ-सुरगाण्याची दमणगंगा, नार, पार सुद्धा तिकडेच, आणि सातमाळ्याच्या उत्तरेचं गिरणा-मोसमचं पाणी तापीला. गोगलगाय डोंगर चढून पलीकडे जात नाही, म्हणून खोऱ्याखोऱ्यात वेगळ्या वंशरेषा टिकायला अशी रचना एकदम अनुकूल. पण माणसाने पाट काढले, धरणं बांधली, मत्स्यबीज एका तळ्यातून दुसऱ्यात नेलं, ॲक्वेरियमची झाडं विकली, आणि पुरात पानवेलींचे गालिचेच्या गालिचे गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीकडे वाहत येतात ते त्यांच्या मुळांत गोगलगायी घेऊनच. नांदूर मध्यमेश्वरला (रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा) पाणपक्षी उतरतात, त्यांच्या पायाला-पिसाला चिकटून सुद्धा अंडी प्रवास करू शकतात. म्हणजे डोंगर वेगळं करतात आणि पाट-पाखरं मिसळतात.

दुसरं कारण उन्हाळा. तळं आटतं, बहुतेक गोगलगायी मरतात, थोड्या चिखलात दडून राहतात, पाऊस पडला की त्याच थोड्यांपासून सगळं तळं परत भरतं. त्यात ही उभयलिंगी, जोडीदार नसला तर एकटीच स्वतःचं फलन करून अंडी घालते, एक गोगलगाय पोचली तरी वसाहत उभी राहते. म्हणून एका तळ्यात सगळ्या जवळपास सारख्या आणि शेजारच्या तळ्यात वेगळ्या, असं चित्र मिळू शकतं.

सारखेपणा धोक्याचा का, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. एकाच काडीवरून वाढवलेली बाग, डावणी रोग आला की पूर्ण प्लॉट बसतो. न्यूझीलंडच्या तळ्यांत पोटॅमोपिर्गस या गोगलगायीवर हेच दिसलं, जो क्लोन (जनुकांनी एकसारख्या गोगलगायींचा गट) तळ्यात सगळ्यात जास्त झाला, त्याच्याच मागे काही पिढ्यांनी परजीवी लागला, आणि दुर्मिळ क्लोन वाचले. दक्षिण अमेरिकेतल्या बायोम्फॅलॅरिया या गोगलगायीच्या संकरांतून १९५० च्या दशकातच कळलं होतं की परजीवीला दाद न देणं हा गुण आईबापाकडून पिल्लांत उतरतो, पुढे २०१७ साली तिचा पूर्ण जीनोम म्हणजे सगळा डीएनए वाचला गेला.

हे डीएनएचं काम करायचं असेल तर गोगलगायीच्या पायाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात, शंख वेगळा जपतात. तिच्या चिकट स्रावातल्या साखरा पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) अडवतात म्हणून डीएनए काढायला सीटॅब नावाचं रसायन वापरतात. एकाच चारीतले पन्नास नमुने घेण्यापेक्षा दहा जागांचे पाच-पाच घेतलेले बरे, कारण फरक जास्त करून जागांमध्ये असतो. कृमीचा डीएनएही त्याच गोगलगायीत शोधता येतो, मग कुठल्या वंशरेषेत कुठला कृमी हे जुळवता येतं.

नियंत्रणाला निक्लोसामाइड हे गोगलगायी मारणारं औषध आहे, घायपातातल्या सॅपोनिन या द्रव्यानेही गोगलगायी मरतात, पण दोन्हींनी मासेही मरतात, आणि वाचलेली एकटी पुन्हा तळं भरते. त्यापेक्षा बदकं सोडणं, जनावरांना चारीत न उतरवता हौदावर पाणी पाजणं, भाताचा खालचा ओला भाग चाऱ्यात न घेणं, पेंढा चांगला वाळवून मगच खायला घालणं आणि गोठ्याचं शेण पाण्याजवळ न टाकणं हे सोपं पडतं. जनावराच्या जबड्याखाली पाणी उतरलं किंवा ते घोरायला लागलं तर शेण किंवा नाकातला चिकटा पशुवैद्यकाकडून तपासून घ्यायचा, कारण लिव्हरच्या कृमीचं औषध नाकातल्या शिस्टोसोमावर चालत नाही.