मर्लायनसमोर भेटलेली खानापूरची बाई

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात सिंगापूरला जाऊन आल्या. मर्लायनच्या, म्हणजे तोंडातून पाणी सोडणाऱ्या सिंहमुखी माशाच्या पुतळ्यासमोर फोटोला उभ्या असताना मागून आवाज आला, "बघ की गं, केवढी धार सोडतोय!" काकू वळल्या. बाई खानापूरच्या निघाल्या आणि त्यांची नणंद म्हणजे काकूंच्या मुलीची शाळेतली बाई! "ऋणानुबंध, दुसरं काय! लाखात एक योग," असं काकू सगळ्यांना सांगतात.

भेट खरी, आनंदही खरा. लाखात एक मात्र नाही.

वर्गात 23 मुलं असली तर त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता 50.7 टक्के असते. ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण तो मुलं मोजतो. मोजायच्या असतात जोड्या! पहिल्या मुलाच्या उरलेल्या 22 जणांशी 22 जोड्या, दुसऱ्याच्या नव्या 21, असं करत एकूण 253. एका जोडीची तारीख न जुळण्याची शक्यता 364/365. हा अपूर्णांक 253 वेळा मांडून गुणाकार करा, जवळजवळ अर्धा उरतो. एकाहून जेमतेम कमी असलेली संख्या इतकी झिजते, हे मला दरवेळी नव्यानं सुंदर वाटतं.

आता मर्लायनसमोर या. काकूंच्या बसमधले 40 प्रवासी, आपल्याच भागातल्या दुसऱ्या बसमधले 40. जोड्या 1600. समजा, हजारातल्या एकाच जोडीत काही दुवा निघतो. तर सरासरी अपेक्षित दुवे 1.6, आणि एकही न निघण्याची शक्यता e (गणितातली सुमारे 2.718 ही ठरावीक संख्या) चा उणे 1.6 वा घात, म्हणजे सुमारे 20 टक्के. उरलेल्या 80 टक्के वेळा कुणाला ना कुणाला कुणीतरी भेटणारच. एकट्या काकूंचा हिशेब केला तर एका बसमागे 4 टक्के. पण आठवडाभरात विमानतळ, हॉटेल, जेवणाची रांग धरून अशी 400 माणसं जवळून गेली, तर 33 टक्के. तिघांतल्या एकाला!

शिवाय दुवा म्हणजे काय, हे आधी ठरलेलं नव्हतं. त्या बाई काकूंच्या ओळखीच्या नव्हत्याच, ओळखीची निघाली ती नणंद. ती नसती तर माहेर, मंगल कार्यालय, दातांचे डॉक्टर. आपली माणसं "तुम्ही कुठल्या?" इथून सुरू करतात ती धागा सापडेपर्यंत थांबत नाहीत.

पैसे घेऊन पत्रिकेत "परदेशी शुभ भेटीचा योग" दाखवणाऱ्यांना एवढंच विचारावं: कुणीच न भेटलेल्या सहलींची नोंद कुठे आहे?

आणखी एक गोष्ट कानाची. 1959 मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं, की एका कानातल्या बोलण्यावर पूर्ण लक्ष असतानाही दुसऱ्या कानात स्वतःचं नाव पडलं, तर काहींना ते बरोबर उमगतं. परक्या मुलखात "बघ की गं"चं तसंच होतं. खडेबाजारात ते दिवसातून शंभरदा कानावर पडतं आणि काकू मान वळवत नाहीत. खानापूर बेळगावापासून पंचवीसेक किलोमीटर. त्या बाई दर दिवाळीला खरेदीला इथंच येतात.