आहारविकृती व वैद्यकीय चाचण्या

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडणे), बुलिमिया नर्व्होसा (अति खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकणे) व तत्सम विकारांतील कुपोषणाचे रक्त, लघवी आणि ईसीजी यांत दिसणारे बदल. कुपोषण गंभीर असूनही अनेकांचे रिपोर्ट नॉर्मल येतात.

अ‍ॅनोरेक्सियाच्या पहिल्या वैद्यकीय वर्णनाचा मान बहुधा रिचर्ड मॉर्टन (१६८९) यांना दिला जातो. त्यांच्या तरुण रुग्णेला ताप वा खोकला नव्हता. उलट अंग गार होते. ते वर्णन क्षयाच्या ग्रंथात असल्याने निदान मागाहून लावलेले ठरते. विकार म्हणून मांडणी विल्यम गल (लंडन) व शार्ल लासेग (पॅरिस) यांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे केली, असे मानणे अधिक सयुक्तिक. गल यांचा निबंध १८७३ मध्ये वाचला गेला, छापला गेला १८७४ मध्ये. म्हणून सनांत फरक आढळतो. बुलिमियाचे वर्णन जेराल्ड रसेल यांचे (१९७९). अ‍ॅनोरेक्सियाला ‘क्षुधानाश’ हा मराठी पर्याय फसवा आहे. भूक बहुधा असते.

क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून येतो व मूत्रपिंडे तो गाळून टाकतात. म्हणून रक्तातील त्याच्या आकड्यावरून मूत्रपिंडांची क्रिया जोखतात. कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानाचे क्रिएटिनिन मूत्रपिंडे ठणठणीत असूनही जास्त भरू शकते. आदल्या रात्री मटण-रस्सा झाला असेल तर आणखी थोडे. स्नायू झिजलेल्या मुलीचा ‘नॉर्मल’ आकडा मात्र मूत्रपिंडाची मंदावलेली क्रिया झाकू शकतो. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणाऱ्या मल्लाचे रक्त दाट होऊन हिमोग्लोबिन चढलेले दिसते. ही आहारविकृती असेलच असे नाही, पण चाचणी फसण्याची रीत तीच.

उपासमारीत पांढऱ्या पेशी घटतात, यकृताची एन्झाइमे व कोलेस्टेरॉल वाढू शकते. अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) बहुतांशी नॉर्मल राहते. ते घसरले तर जंतुसंसर्ग वा दुसरा आजार शोधावा. टी-३ (थायरॉइडचे संप्रेरक) कमी व टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) नॉर्मल हा थायरॉइडचा आजार नसून शरीराची काटकसर होय. त्यासाठी थायरॉइडची गोळी देऊ नये. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरते, रक्त अल्कधर्मी होते आणि लाळग्रंथींमुळे अमायलेज (लाळेत व स्वादुपिंडात बनणारे पाचक एन्झाइम) वाढते. ते स्वादुपिंडाचे दुखणे समजले जाण्याचा संभव असतो. पोटॅशियम घसरल्यास हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढतात.

रक्तातील फॉस्फेट (एक क्षार) सुरुवातीला बहुधा नॉर्मल असते. आहार सुरू झाल्यावर इन्सुलिन वाढून ते पेशींत ओढले जाते व रक्तात झपाट्याने घटते. म्हणून भरतीच्या दिवशीच्या रिपोर्टवर न थांबता पहिल्या आठवड्यात ते पुन्हा पुन्हा मोजतात.