यू-४० आणि यू-१००: इन्सुलिनच्या दोन सिरिंजांमागचा इतिहास

वॉर्डातल्या इंजेक्शन ट्रॉलीवर इन्सुलिनच्या दोन सिरिंज शेजारी-शेजारी पडलेल्या असतात. दोन्ही १ मिलीच्या. एकीची टोपी लाल, दुसरीची नारिंगी. लाल टोपीवालीत २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर ते अर्धा मिली भरतं, नारिंगीत २० च्याच रेघेला ०.२ मिली. ‘लाल म्हणजे यू-४०, नारिंगी म्हणजे यू-१००’ हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच पाठ होतं. एकाच औषधाला दोन मापं मुळात आली कशी, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ते कळलं की चुका कुठे होतात तेही आपसूक दिसतं.

यू-४० म्हणजे १ मिलीत ४० युनिट. बाकीची औषधं मिलिग्रॅममध्ये आणि हेच युनिटमध्ये का? कारण इन्सुलिन हाती आलं तेव्हा ते शुद्ध नव्हतं. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं ते जनावराच्या स्वादुपिंडाच्या गढूळ अर्काचं: एकूण १५ मिली, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं-निम्मं. साखर थोडी उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा कुठे खरा गुण आला.

अशा अर्काच्या एका बॅचमध्ये खरं औषध किती आणि गाळ किती, हे वजनावरून कळायचं नाही. म्हणून सशावर मोजमाप झालं. २ किलो वजनाच्या उपाशी सशाची रक्तातली साखर १०० मिलीला ४५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणणारा, म्हणजे त्याला झटके येतील इतका अर्क म्हणजे एक युनिट. माणसाच्या डोससाठी हे माप फार मोठं पडलं, म्हणून त्याचा एक तृतीयांश घेऊन नवं युनिट ठरवलं. १९२५ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं ते १ मिलिग्रॅमला ८ युनिट असं. आजच्या शुद्ध मानवी इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे अवघे ०.०३४७ मिलिग्रॅम. ससा केव्हाच गेला, युनिट तेवढं राहिलं.

जसजसं औषध शुद्ध होत गेलं तसतशी त्याची तीव्रता वाढवता आली. १९२३ च्या सुमाराला बाजारात यू-१० आणि यू-२० होतं. ४० युनिट हवे असतील तर यू-१० चे ४ मिली टोचावे लागत, आणि तेही रोज. यू-४० आलं तसं तेच काम १ मिलीत व्हायला लागलं, पुढे यू-८० आलं तेव्हा अर्ध्या मिलीत. रुग्णाची सोय झाली, पण औषधाच्या दुकानात एकाच वेळी तीन-तीन तीव्रता आल्या.

गोंधळ सगळ्यात जास्त झाला तो ब्रिटनमध्ये. तिथल्या प्रमाणित सिरिंजवर १ मिलीला २० खुणा होत्या. २० च्या इन्सुलिनला एक खूण म्हणजे एक युनिट, ४० च्या इन्सुलिनला दोन, ८० च्या इन्सुलिनला चार. डॉक्टर ‘२० युनिट’ म्हणायचे, रुग्ण ‘२० खुणा’ समजायचा, आणि वायल (औषधाची छोटी बाटली) ८० ची असेल तर शरीरात ८० युनिट जायचे. हा घोळ कायमचा मिटावा म्हणून एकच तीव्रता ठेवायची असं ठरलं. अमेरिकेत १९७३ मध्ये यू-१०० आलं, ब्रिटन १९८३ मध्ये त्यावर गेलं.

भारतात मात्र वायलमध्ये यू-४० टिकून राहिलं. त्यात एक सोयही आहे: यू-४० मध्ये एक युनिट ०.०२५ मिलीचं, यू-१०० मध्ये ०.०१ मिलीचं, त्यामुळे लहान डोस लाल सिरिंजवर जास्त नीट दिसतो. पण १९८५ पासून जगभर इन्सुलिन टोचायची पेनं आली आणि त्यांची कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी औषधाची नळी) पहिल्यापासून १०० ची. आता आपल्याकडे एकाच फ्रिजमध्ये १० मिलीची यू-४० वायल (४०० युनिट) आणि ३ मिलीची यू-१०० कार्ट्रिज (३०० युनिट) असते, आणि काही प्रकारांच्या वायलही १०० च्याच येतात. ‘वायल म्हणजे ४०’ हे गृहीत धरायची सोय राहिलेली नाही.

चूक झाली तर किती मोठी, ते मोजून पाहा. ऑर्डर २० युनिटची. यू-१०० औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट गेले. अडीचपट. उलट यू-४० औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० पर्यंत घेतलं तर ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत काही तासांत रुग्ण घामाघूम होऊन गुंगीत जाईल. दुसरी चूक दिसतच नाही, साखर चढलेली राहते, डॉक्टर डोस वाढवत नेतात, आणि एके दिवशी कोणीतरी बरोबर सिरिंज उचलतं. माझ्या मते दुसरी जास्त फसवी.

टीबी सिरिंज, म्हणजे युनिटऐवजी मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची बारीक सिरिंज, तर नकोच. तिच्यावर ०.१ ला ‘१०’ समजून यू-४० ओढलं की १० ऐवजी ४ युनिट जातात. गणित करून भागवण्यापेक्षा स्टोअरमधून बरोबर सिरिंज मागवावी.

ड्रग चार्टवरचा घोळ वेगळा. इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला की शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. ‘आययू’ (आंतरराष्ट्रीय युनिट) चा ‘आयव्ही’ (शिरेतून) होतो. म्हणूनच रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ही दोन्ही लघुरूपं वर्ज्य यादीत घातली. २०१० मध्ये ब्रिटनमध्येही सूचना निघाली: ‘युनिट’ पूर्ण लिहा आणि इन्सुलिन फक्त इन्सुलिनच्याच सिरिंजने मोजा.

औषध ओढताना आधी वायलवरचा ‘४० आययू प्रति मिली’ हा मजकूर वाचायचा, मग टोपीचा रंग पाहायचा, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवताना डोसबरोबर तीव्रताही मोठ्याने म्हणायची. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हलकेच घोळवायचं, फेसाळेल असं हलवायचं नाही. बुडबुड्याने दोन युनिटची जागा घेतली तर डोस दोन युनिटने कमी पडतो. एकाच सिरिंजमध्ये रेग्युलर (स्वच्छ दिसणारं, लवकर काम करणारं) आणि एनपीएच (दुधाळ, सावकाश काम करणारं) घ्यायचं असेल तर हवा आधी दुधाळ वायलमध्ये सोडायची, मग स्वच्छ वायलमध्ये, आणि औषध ओढताना आधी स्वच्छ, नंतर दुधाळ. उलट केलं तर एनपीएचमधलं प्रोटामिन (इन्सुलिनचं काम सावकाश करणारं प्रथिन) रेग्युलरच्या वायलमध्ये जातं आणि तिचं काम मंदावतं.

आयसीयूत सिरिंज पंपासाठी ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर घालतात, म्हणजे १ मिलीला १ युनिट. यू-४० चे ५० युनिट म्हणजे १.२५ मिली, आणि लाल सिरिंजमध्ये एका वेळी मावतात ४०. इथेच हात साध्या २ मिलीच्या सिरिंजकडे जातो. त्यापेक्षा लाल सिरिंजने दोनदा घ्यावं, ४० आणि १०. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नळीतून साधारण २० मिली द्रावण वाहू देऊन मगच रुग्णाला जोडतात.

डिस्चार्जच्या वेळी पेन देताना एक विचारायचं राहून जातं: घरी जुनी लाल सिरिंज आहे का? पेनची सुई संपली की लोक त्याच कार्ट्रिजमधून त्या सिरिंजने औषध ओढतात.