यात्रेतला बँड 'पारंपरिक' कसा झाला

गुढीपाडवा ते मृग हा सातारा-सांगलीकडच्या बँड कंपन्यांचा खरा हंगाम. चैत्रात शिंगणापूर, खरसुंडी, मग गावोगावच्या यात्रा आणि त्यांच्या मध्ये अडकलेल्या लग्नतिथी. दुपारी परण्या (लग्नातली नवरदेवाची मिरवणूक) आणि रात्री छबिना (यात्रेतली पालखीची मिरवणूक) अशा दोन सुपाऱ्या एकाच दिवशी घ्याव्या लागतात, कारण उरलेले वर्ष याच अडीच महिन्यांवर काढायचे असते. याच दिवसांत दरवर्षी एक वादही ठरलेला असतो. रात्री दहा वाजता वाजप बंद करायचे का, आणि करायचे तर कोणाचे? यात्रेआधीच्या बैठकीत उत्तर मिळते, 'डीजे नको, पारंपरिक वाद्ये चालतील.' मग बँडवाले पुढे येतात आणि म्हणतात, आम्ही पारंपरिकच आहोत. बेंजोवालेही तेच म्हणतात.

या दाव्याच्या मागे जायचे तर फार लांब जावे लागत नाही. संबळ, हलगी, सनई, शिंग, माण-आटपाडीकडचे गजी ढोल ही इथली जुनी वाद्ये. पितळी वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर आली. १८४८ नंतर साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि लष्करी कवायतीचा बँड छावणीतून लोकांच्या कानावर पडू लागला. गणवेश, खांद्यावरच्या झालरी, पुढे चालणारा मास्तर, रांगा धरून चालणे हे सगळे तिथून आलेले आहे. आवाज मात्र छावणीतला नाही. तो दुसरीकडून आला.

१९३५ साली मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ बँड आला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ही शैली उचलली. नोटेशन वाचायला ते चर्चच्या शाळेतच शिकलेले होते, त्यामुळे कागदावर लिहिलेली मांडणी त्यांना परकी नव्हती. पुढे रुळलेला अमेरिकन बिग बँड म्हणजे साधारण सतरा माणसे : चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि पियानो, गिटार, डबल बास, ड्रम. सगळे बसून वाजवणारे, प्रत्येकासमोर स्टँडवर त्याचा स्वतंत्र कागद. एका रांगेने तुकडा टाकायचा आणि दुसऱ्या रांगेने तो तोडायचा, यात सगळी गंमत.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री ओसरल्या. वादक मोठ्या संख्येने हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे गेले. १९५१ च्या 'अलबेला'सारख्या चित्रपटातली गाणी ऐकली तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटची ती सवाल-जवाबाची सवय स्पष्ट कळते. त्या गाण्यांचा संगीतकार पुणतांब्यात जन्मलेला मराठी माणूस होता. चाल मराठी कानाला ओळखीची, मधले म्युझिक पीस जॅझचे, अशी ही सांगड. यात्रेतल्या बँडने जे उचलले ते हे म्युझिक पीस. थेट जॅझ ऐकून सातारा-सांगलीत कोणी बँड काढला नाही. रेडिओवर आणि तंबूतल्या सिनेमात ऐकलेले गाणे रस्त्यावर वाजवताना बिग बँडचा पितळी आवाज आपसूक सोबत आला. (मुंबईत १९७८ पासून भरलेल्या मोठ्या जॅझ महोत्सवाने स्वतःचे नाव 'जॅझ यात्रा' ठेवले. यात्रेतल्या बँडला जॅझ म्हणावे असे मात्र तेव्हाही कोणाला सुचले नाही.)

रस्त्यावर येताना काही गोष्टी गळाल्या, आणि त्या गळण्याला व्यवहाराची कारणे आहेत. ट्रॉम्बोन जवळपास गेलाच, कारण सरकती नळी पूर्ण बाहेर काढली की वादकापुढे हाताहून जास्त जागा लागते. छबिन्याच्या गर्दीत ती मिळत नाही आणि नळीला जरा पोचा पडला की ती अडकते. त्याची जागा युफोनियम या खालच्या आवाजाच्या पितळी वाद्याने घेतली. चालताना कागद वाचता येत नाही, म्हणून चार ट्रम्पेटना चार वेगळे सूर देणारी हार्मनीही गेली. आता क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट चाल धरतात, युफोनियम तीच चाल खालच्या सप्तकात वाजवतो आणि साईड ड्रम मोकळी जागा भरून काढतात. मोठा सूझाफोन पुष्कळ ठिकाणी शोभेलाच असतो. टिकला तो सवाल-जवाब : मास्तर मुखडा टाकतो आणि बाकीचे सगळे मिळून उत्तर देतात.

उन्हाळा हा या वाद्यांचा वैरी आहे आणि हंगाम नेमका उन्हाळ्याचा. हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो : २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशाला सुमारे ३५५. म्हणजे नळीतली सगळी हवा तेवढी तापली तर सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्त चढेल. प्रत्यक्षात फुंकरीने आतली हवा आधीच कोमट असते, म्हणून चढ कमी दिसतो, तरी ऐकणाऱ्याला टोचण्याइतका असतोच. नुसती पितळी वाद्ये असतील तर सगळी मिळून चढतात आणि खपून जाते. गाड्यावर की-बोर्ड आला तिथून अडचण सुरू झाली, कारण की-बोर्ड उन्हात चढत नाही. मग ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाईड बाहेर ओढावी लागते. एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटरने लांबते आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पावपट उतरतो. क्लॅरिनेटवाला बॅरल (तोंडाखालचा छोटा जोड) एक-दोन मिलिमीटर उचलतो. जास्त उचलली तर वरचे आणि खालचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. दुपारच्या परण्यात क्लॅरिनेटची रीड (ओठात धरायची बोरूची पातळ पट्टी) वाळते, आणि वाळलेली रीड किंचाळते. म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये ती ओठात धरून ठेवायची, क्लॅरिनेट गाड्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे नाही. एबोनाइटचे असेल तर रंग विटतो आणि नळी वाकते. चामड्याची पाने उन्हात ताणतात आणि वळवाची एक सर आली की ढिली पडतात, म्हणून बहुतेक साईड ड्रमवर आता प्लॅस्टिकची पाने असतात. हलगी मात्र अजून शेकूनच घेतात.

गायक माईकवर आला तेव्हा दुसरी अडचण झाली. बँडची ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटची, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी पाचची. काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्या बोटांना सोप्या. गायकाने पांढरी तीन मागितली की ट्रम्पेटवाल्याला सहा तीव्र सुरांची पट्टी वाजवावी लागते. शिवाय तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबून निघणारे खालचे सूर मुळातच चढे असतात. लहान कंपन्यांत गायक बदलला की गाणी बिघडतात ती यामुळे. लोक दोष गायकाला देतात.

आता बेंजोकडे येऊ, कारण 'पारंपरिक'चा गुंता तिथेच पडला. यात्रेतला बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ च्या सुमारास तयार झालेल्या तैशोगोतो या वाद्यात आहे : तारा ताणलेली पेटी, टाइपरायटरसारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. हिंदुस्थानात त्याला बुलबुल तरंग म्हटले गेले आणि 'जपान बेंजो'ही. मराठी मुलखात 'जपान' गळून नुसता बेंजो राहिला. पुढे त्याला पिकअप बसला, अॅम्प्लिफायर आला आणि टेम्पोवर कर्णे चढले. दहा फुंकणाऱ्यांची चाल एकटा बेंजोवाला काढू लागला, त्याच्या सोबतीला ताशे, ढोल, खुळखुळे. पंधरा-वीस माणसांच्या बँडपुढे हे गणित उघडच स्वस्त पडले. फुंकणारा तयार व्हायला वर्षे लागतात आणि पुढचे दात गेले की तो कामातून जातो. बेंजोला दातांची गरज नाही. त्यानंतर डीजे आला आणि त्याने बेंजोला तेच केले जे बेंजोने बँडला केले होते.

आता बैठकीतला शब्द. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० साली आले. त्यांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. ही सूट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत ध्वनिक्षेपकाच्या जोडीला 'संगीत वाद्य' आणि 'ध्वनी निर्माण करणारे उपकरण' हेही आले. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल ते चालते. रहिवासी गावठाणात दिवसा ते ६५ होते. 'पारंपरिक वाद्य' असा वर्ग या हिशेबात कुठेच नाही. डीजे आणि हलगी यांना नियम एकाच रांगेत उभे करतो.

आकडे वाद्याला लावून पाहिले की प्रश्न कळतो. जोरात वाजवलेली ट्रम्पेट एका मीटरवर १०० डेसिबल धरली, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात : दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६. म्हणजे एकच ट्रम्पेट, तीही सोळा मीटरवर, ६५ च्या बरीच वर. गावठाणातली गल्ली सोळा मीटर रुंद नसते, आणि दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात. नियम अक्षरशः लावला तर परण्यासुद्धा निघणार नाही. म्हणून बैठकीत वाद्यांची प्रतवारी करावी लागली आणि 'पारंपरिक' हा शब्द सोयीचा ठरला. त्यामागे तर्क नाही असे नाही. मोठ्या डीजेचा खालचा ठोका भिंतीतून आत येतो आणि तासन्‌तास थांबत नाही. फुंकणाऱ्याला दम घ्यावाच लागतो. पण तो तर्क वीज आणि फुप्फुस यांतल्या फरकाचा आहे, परंपरेचा नाही. तो तसा मांडला असता तर की-बोर्ड, माईक आणि कर्णे लावलेल्या बँडलाही उत्तर द्यावे लागले असते. 'पारंपरिक' म्हटल्यावर ते टळते. बेंजो बाहेर आणि माईकवाला बँड आत, असा निर्णय एका गावात लागतो, तर शेजारच्या गावात उलटा.

सूट मिळणाऱ्या पंधरा दिवसांचेही तसेच. ते दिवस जिल्ह्यासाठी आधी जाहीर होतात आणि शिवजयंती, गणेशोत्सव, नवरात्र यांतच बहुतेक संपतात. गावची यात्रा तिच्या तिथीला, आणि दर गावाची तिथी वेगळी. छबिना तर रात्रीचाच. त्यामुळे चैत्र-वैशाखातल्या छबिन्याला नियमात जागा उरत नाही, ती फक्त समजुतीत उरते.

या शब्दात एक गोष्ट झाकली जाते. हलगी आणि सनई वाजवणे ही गावकीची कामे होती. कोणी वाजवायचे ते जातीने ठरलेले, मोबदला बलुत्याचा, आणि नाही म्हणायची सोय नाही. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, पण त्याच्या आधीपासूनच वाजवणारी पुष्कळ घरे गावकीचे वाजप सोडत होती. बँड हा त्यातला एक रस्ता होता. अंगावर गणवेश, हातात विकत घेतलेले वाद्य, सुपारी आधी ठरवून, विसार हातात घेऊन, आणि वाजवायचे तेही दुसऱ्या गावात, जिथे कोणी घरचे नाव घेऊन हाक मारणार नाही. मेरठच्या जाली कोठी या बँडवाद्यांच्या बाजारातून आलेली ट्रम्पेट ही परंपरेतून बाहेर पडायची सोय होती. त्याच घरांतली पुढची पिढी आज रात्री दहानंतर वाजवता यावे म्हणून अर्जात 'पारंपरिक वाद्य' लिहिते.

अर्ज करणाऱ्यांनी व्यवहार मात्र शिकून घेतला आहे. वाद्यांच्या रकान्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साईड ड्रम अशी नावे नगांसह लिहायची, की-बोर्ड आणि कर्णे वेगळ्या ओळीत. पालखी देवळाबाहेर पडायची वेळ साडेसातची ठेवायची, म्हणजे मोठा तळ दहाच्या आत लागतो. दहाला की-बोर्डची वायर काढायची, गाडा बाजूला घ्यायचा आणि पुढचा छबिना संबळ-हलगीवर न्यायचा. नियमाप्रमाणे तेही बसत नाही, पण त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.