एनडीपीएस केसमधला जामीन (कलम ३७)

एनडीपीएस म्हणजे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, आणि मोठ्या ड्रग्ज केसमध्ये जामिनाचं घोडं अडतं ते त्यातल्या कलम ३७ वर. एरवी ‘जामीन हा नियम, जेल हा अपवाद’ म्हणतात, इथे बरोब्बर उलटं. मूळ कायद्यात ही कडक अट नव्हती, १९८९ ला दुरुस्ती करून घातली, आणि तेव्हा ती पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या सगळ्याच गुन्ह्यांना लागायची. २००१ च्या दुरुस्तीनंतर ती कमर्शियल क्वांटिटी (म्हणजे धंद्याचा मानला जाणारा मोठा साठा) आणि कलम १९ (परवान्याच्या अफूची अफरातफर), २४ (ड्रग्जचे बेकायदा परदेशी व्यवहार), २७ए (ड्रग्जच्या धंद्याला पैसा पुरवणं वगैरे) एवढ्यापुरती राहिली.

अट अशी की आधी सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकायचं, आणि त्याने विरोध केला (करतोच) तर कोर्टाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटायला हवी: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. आता साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधीच दोषी नाही असं कसं ठरवणार, आणि पुढचं भविष्य सांगायला जज काय ज्योतिषी आहे? सुप्रीम कोर्टानेच २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम केसमध्ये म्हटलंय की शब्दशः वाचलं तर जामीन मिळणारच नाही, म्हणून वरवर बघता काय दिसतं तेवढंच बघायचं.

म्हणून खरी मारामारी वजनावर. कमर्शियल म्हणजे गांजा २० किलोच्या वर, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम, आणि मुंबई-पुण्यात सारखं सापडणारं एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर. ‘वर’ हा शब्द महत्त्वाचा, कारण व्याख्येत ‘पेक्षा जास्त’ असं आहे, म्हणजे बरोब्बर ५० ग्रॅम असेल तर ते कमर्शियल नाही. मग वकील पंचनामा घेऊन बसतात, पिशवीसकट वजन केलं का, गांज्यात काड्या, बिया, सुटी पानं किती, कारण कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, सोबत फुलोरा नसेल तर नुसती पानं-बिया धरत नाहीत. २१ किलोच्या गोणीत हा मुद्दा सोन्याचा. भेसळीचं मात्र चालत नाही, २०२० च्या हिरा सिंग निकालापासून पावडरमध्ये मिसळलेलं सगळंच वजनात धरतात.

दुसरी वाट प्रोसिजरची: अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा हक्क सांगितला का (कलम ५०, पण बॅगेच्या झडतीला हे लागत नाही), सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं का. आणि २०२० च्या तोफान सिंग निकालापासून अधिकाऱ्यापुढे दिलेला कलम ६७ चा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे नुसतं कुणीतरी नाव घेतलं म्हणून आत असलेल्याला मोठा आधार मिळाला.

तिसरी वाट म्हणजे वेळ. अशा केसमध्ये चार्जशीटला १८० दिवस मिळतात, सरकारी वकिलाच्या रिपोर्टवर वर्षापर्यंत वाढतात, त्यानंतरही नाही आली तर डिफॉल्ट बेल, म्हणजे मुदत चुकली म्हणून हक्काने मिळणारा जामीन. चार्जशीट आली आणि खटलाच हलेना, तर मोहम्मद मुस्लिम निकाल दाखवतात, तो आरोपी सात वर्षांहून जास्त आत होता. पण २०२२ च्या मोहित अग्रवाल केसमध्ये त्याच कोर्टाने नुसता जेलमधला काळ पुरेसा धरला नव्हता, म्हणजे कुठला निकाल कुठल्या बेंचपुढे चालेल याचा नेम नाही.

महाराष्ट्रात हे सगळं घरोघरी पोचलं ते २०२०-२१ मध्ये. रिया चक्रवर्तीला जामीन देताना मुंबई हायकोर्टाने सांगितलं की एखाद्याच्या ड्रग्जचे पैसे दिले म्हणजे लगेच २७ए मधला धंद्याला पैसा पुरवणं होत नाही. आर्यन खानकडे काहीच सापडलं नव्हतं, पण कट म्हणून इतरांकडचा माल त्यालाही जोडला होता, तो कट कोर्टाला दिसला नाही. जामीन २८ ऑक्टोबरला झाला, पण २९ ला सुटकेची ऑर्डर आर्थर रोड जेलच्या जामीन पेटीत संध्याकाळी साडेपाचच्या आत पडली नाही, म्हणून ती रात्रही आतच, ३० ला सकाळी बाहेर.