‘एक्समस’मधला एक्स म्हणजे फुली नव्हे

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरतो: ‘ख्रिसमसला एक्समस (Xmas) लिहू नका, नास्तिकांनी ख्रिस्ताच्या नावावर फुली मारलीय.’ फुली नाहीच ती! ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’ ज्या अक्षराने सुरू होतं, ते ‘खी’ हुबेहूब इंग्रजी एक्ससारखं दिसतं. हाताने बायबल उतरवून काढणारे श्रद्धाळू लेखनिकच ते नाव असं आखडून लिहीत. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काही नाण्यांवरही ‘खी’ आणि ‘ऱ्हो’ ही पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात.

उलट आपल्या ‘नाताळ’मध्ये ख्रिस्ताचं नावच नाही. पोर्तुगीज ‘नाताल’चा संबंध नुसता जन्माशी. वसईत गव्हाणीचा देखावा मांडणारे भाविक नाताळच म्हणतात आणि केकपुरता सण पाळणारा त्यांचा शेजारीही.